रात्रीची फेरी: संध्याकाळी खुणा ठेवा, रात्री फरक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिन्याभरापूर्वी दोन घोडे घरच्या तबेल्यात आणले, एक घोडी आणि एक वयस्क घोडा. संध्याकाळी सातला दाणा-वैरण झाली की थेट सकाळी सहाला भेट. मध्ये रात्री एकदा जायलाच हवं का? गेलो तर नेमकं काय बघायचं? त्यांची झोपमोड होत नाही का? आणि कॅमेरा लावला तर भागेल का?

जायला हवं. सात ते सहा म्हणजे अकरा तास. घोड्याचं पोट बिघडलं तर अकरा तासांत गोष्ट औषधाकडून ऑपरेशनकडे जाऊ शकते, कधी त्याच्याही पुढे. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं मागे फिरत नाही. त्यामुळे आत काही अडकलं, आंबलं, वायू धरला तर दाब वाढतच राहतो. हे सगळं सुरू होताना तो ओरडत नाही. पहिला तास-दोन तास फक्त ‘आज जरा वेगळा वाटतोय’ एवढंच दिसतं, आणि ते दिसायला तिथे कुणीतरी असावं लागतं.

पण रात्री बॅटरी घेऊन गेलात आणि काय शोधायचं हेच ठाऊक नसेल, तर घोडा उभा आहे, जिवंत आहे, एवढं बघून परत याल. नव्या माणसाचं नेहमी असंच होतं. माझंही पहिली काही वर्षं असंच चालायचं. मग लक्षात आलं की रात्रीची फेरी खरी संध्याकाळीच सुरू होते. संध्याकाळी आपण खुणा ठेवायच्या आणि रात्री त्या खुणांमध्ये काय हललंय तेवढं बघायचं. खुणा नसतील तर रात्री तुलना कशाशी करणार?

माझ्या खुणा तीन. संध्याकाळी ठाणातली सगळी लीद उचलतो, एकही पो मागे ठेवत नाही. पाण्याच्या बादल्या घासून ठरलेल्या रेघेपर्यंत भरतो. आणि गवत वजन करून टाकतो, अंदाजाने नाही. ही तीन कामं तशीही करायचीच असतात, फक्त ती मोजता येतील अशी करायची. धडधाकट घोडा दिवसभरात साधारण 8 ते 12 वेळा लीद टाकतो. म्हणजे सातला जमीन साफ केली असेल तर साडेदहाला एक-दोन ढीग दिसायला हवेत. एकही नसेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण त्या घोड्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचं.

पाण्याचं तर मी स्वतः भोगलंय. माझ्याकडे एक अगदी गरीब स्वभावाची घोडी होती. तिच्या ठाणात आपोआप भरणारं पाण्याचं भांडं बसवलं होतं आणि मी त्यावर खूश होतो. बादल्या उचलायचा त्रास संपला. एका रात्री फेरीला गेलो. घोडी उभी, कान माझ्याकडे, सगळं ठीक. पण गवताचा निम्मा ढीग तसाच. लीद एकच, तीही नेहमीच्या निम्म्या आकाराची. बुटाने दाबली तर फुटेना. कडक गोळा आणि वरून चिकट, चकचकीत पापुद्रा. भांड्यात हात घातला तर तळाशी बोटभर पाणी. फ्लोट, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा तरंगता गोळा, अडकला होता, कदाचित दुपारपासून. नाडी 48, म्हणजे तिच्या नेहमीपेक्षा बारा-चौदा ठोके जास्त. मोठ्या आतड्याच्या एका वळणावर वाट अचानक अरुंद होते. कोरडा चोथा तुंबतो तो बहुधा तिथेच. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी रुळावर आली. चूक सरळ माझी. तिने दिवसभरात किती पाणी प्यायलं हे त्या भांड्यामुळे मला कधी कळतच नव्हतं. तेव्हापासून आपोआप भरणारं भांडं असलं तरी शेजारी एक मोजकी बादली ठेवतोच. साधारण 450 किलोचा घोडा विश्रांतीत, सौम्य हवेत 25 ते 30 लिटर पितो; उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी किंवा पिलाला पाजत असेल तर याच्या दुप्पटही. रात्री रेघ अजिबात हलली नसेल तर आधी पाणी हुंगा. पुष्कळदा त्यात लीद पडलेली असते आणि घोडा ते पाणी पीत नाही, इतकं साधं कारण निघतं.

आता वैरणीचा हिशोब, कारण तुमच्या वेळापत्रकातली खरी अडचण मला इथे दिसते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. लाळ मात्र चावतानाच सुटते आणि आम्ल निवळतं ते लाळेने. एक किलो वाळलेलं गवत संपवायला त्याला साधारण 40 मिनिटं लागतात. सातला तीन किलो टाकलंत तर नऊला गव्हाण रिकामी, पुढे नऊ तास रिकाम्या पोटी आम्ल. जठरातले व्रण, लाकूड कुरतडणं, अंथरूण खाणं याची मुळं बहुतेक इथेच असतात. दिवसाची एकूण वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के धरा. 450 किलोच्या घोड्याला 7 ते 9 किलो. ती वाढवू नका, त्यातलाच मोठा वाटा रात्रीकडे सरकवा. थोडी सातला, बाकीची साडेदहाला, बारीक छिद्रांच्या जाळीत. जाळी इतकी उंच बांधा की रिकामी होऊन लोंबली तरी खूर त्यात अडकणार नाही. दाणा मात्र रात्रीच्या फेरीत नको. एका वेळी दोन किलोच्या वर तर कधीच नको.

रात्री गवत टाकण्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. तीच तुमची तपासणी असते. मूठभर गवत टाकलं की घोडा कसा येतो ते बघा. फुरफुरत, मान खाली घालून लगेच तोंड लावतो का? की हुंगून बाजूला होतो? की दोन घास घेतो आणि चावता चावता मध्येच थांबतो, तोंडात गवत तसंच? हे शेवटचं मला सगळ्यात आवडत नाही. गाजर-गूळ देऊन परीक्षा घेऊ नका. पोट दुखत असलं तरी गोडाला तोंड लावणारे घोडे मी पाहिलेत. शिवाय रोज रात्री खाऊ नेलात तर तुमची चाहूल लागताच ते दारावर खूर आपटू लागतील आणि निवांत असताना ते कसे असतात हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

संध्याकाळी आणखी एक काम करा, कारण ते रात्रीच्या उजेडात नीट होत नाही: चारही पायांवरून हात फिरवा. दोन्ही तळहात पायाच्या दोन बाजूंना लावून वरून खाली. डोळ्याला न दिसणारी ऊब हाताला कळते. मागचे दोन्ही पाय सारखेच किंचित भरलेले असतील तर बहुधा उभं राहून राहून आलेली सूज असते, फिरवलं की उतरते. एकच पाय भरला असेल तर कारण शोधा. खूर साफ करा, खडा-खिळा बघा, नाल हलते का बघा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही कडांना बोट ठेवून नाडी शोधायला शिका. निरोगी पायात ती जेमतेम लागते, शोधावी लागते. ती जोरात ठोके देत असेल, खूर गरम असेल आणि घोडा पुढच्या पायांवरचा भार मागे ढकलून उभा असेल तर तो लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह, समजा आणि सकाळची वाट बघू नका.

नाडी, श्वास, ताप हे आकडे पुस्तकात मिळतात: मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस (99 ते 101 फॅरनहाइट). पण तुमच्या घोडीचा आकडा कोणता हे पुस्तकात नाही. पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी, घोडा शांत असताना, दोघांचे आकडे वहीत लिहा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून, किंवा जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी शीर धरून, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. ताप संध्याकाळी सकाळपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून तुलना त्याच वेळेशी करा. माझ्या त्या घोडीचा 48 हा आकडा पुस्तकाच्या दृष्टीने जरासाच वर होता. तिचा नेहमीचा 34 मला पाठ होता म्हणून तो खटकला.

आता प्रत्यक्ष रात्र. वेळ शक्यतो रोज तीच ठेवा. साडेनऊ ते अकराच्या मध्ये तुम्हाला जमेल ती. मोठा दिवा भसकन लावू नका. अंधार-उजेडाला जुळवून घ्यायला घोड्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मंद बॅटरी घ्या, झोत जमिनीकडे धरा, आणि दारापाशी पोचायच्या आधीच काहीतरी बोला. मी उगाच दिवसभराच्या तक्रारी सांगत जातो. ते ऐकून घेतात, उलट उत्तर देत नाहीत. झोपलेल्या घोड्याला आवाज न देता हात लावणं म्हणजे लाथ मागून घेणं.

मग आत न शिरता अर्धा मिनिट बाहेरच उभे राहा. सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवून उभा असेल तर तो आरामात आहे. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढला असेल तर ते आरामाचं लक्षण नाही. कुशीकडे वळून वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, वरचा ओठ मुरडणं, लघवीला उभं राहिल्यासारखं ताणणं पण लघवी न करणं, बसणं-उठणं-बसणं, थंडीतही घामेजणं: ही पोटशूळाची भाषा. एखादं लक्षण एकदाच दिसलं तर पंधरा मिनिटांनी परत या. दोन दिसली तर आत जा आणि नाडी मोजा.

घोडा तुमच्या समोर शहाण्यासारखा उभा असला तरी अंथरूण खोटं बोलत नाही. पेंढा भिंतींकडे ढकललाय, मध्ये जमीन उघडी पडलीय, आयाळीत आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना काड्या अडकल्यात, भिंतीवर खुरांचे ताजे ओरखडे आहेत, तर मागच्या तीन तासांत इथे लोळण झालीय. एका बाजूला काड्या असतील तर तो नुसता झोपून उठला असेल. हा फरक मला एका जुन्या मोतद्दाराने दाखवला होता. तो घोड्याकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघायचा.

आत गेलात की ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर हवी. अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. फिकी, विटकरी लाल किंवा जांभळट हिरडी म्हणजे थेट फोन. कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. गुडगुड, मधूनच पाणी सोडल्यासारखा आवाज, हे चांगलं. संपूर्ण शांतता वाईट. झूल घालत असाल तर खांद्यापाशी आत हात घाला: अंग कोरडं आणि कोमट हवं, ओलं नको, पट्टे पायात येत नाहीत ना तेही बघा. म्होरकी रात्री काढून ठेवा, ती खिळ्याला किंवा कडीला अडकते. आणि एकदा गुडघ्यात वाकून श्वास घ्या. लघवीचा उग्र दर्प उभ्या माणसाच्या नाकाला कमी आणि झोपलेल्या घोड्याच्या नाकाला जास्त लागतो. डोळे चुरचुरले तर उद्या अंथरूण खालपर्यंत उपसा.

तुमच्या वयस्क घोड्याबद्दल थोडं वेगळं. त्याच्या गव्हाणीखाली अर्धवट चावून टाकलेले गवताचे ओले बोळे दिसतात का बघा. दिसले तर दात दाखवायची वेळ झाली. असे घोडे घास नीट न चावता गिळतात आणि तो अन्ननलिकेत अडकतो. मग नाकातून हिरवट लाळ आणि अन्न येतं, मान ताणली जाते, खोकला येतो. बघणाऱ्याला तो गुदमरतोय असं वाटतं, पण श्वासनलिका मोकळी असते. खाणं-पाणी काढून घ्या, त्याला शांत ठेवा, डॉक्टरांना बोलवा. नळीने पाणी मारायचे उद्योग स्वतः करू नका. दुसरं, तो रात्री बसतो का हे शोधा. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी, ज्यात स्वप्नं पडतात त्या झोपेसाठी, त्याला आडवं व्हावंच लागतं. ही झोप दिवसाला अर्धा-पाऊण तासच लागते, बहुधा मध्यरात्रीनंतर. सांधे दुखणारा घोडा उठता येणार नाही या भीतीने बसतच नाही. मग उभ्याउभ्या झोप लागते आणि पुढचे पाय दुमडतात. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून सोललेल्या खुणा दिसल्या तर हे चालू असण्याची शक्यता मोठी. नव्या जागेतही घोडे काही आठवडे बसत नाहीत. जोडीदार नजरेसमोर असला की लवकर बसू लागतात, म्हणून दोघांना एकमेकांना दिसतील असं ठेवा.

झोपमोडीबद्दल विचारलंत, ते यातच आलं. गाढ झोप बहुधा मध्यरात्रीनंतर असल्याने साडेदहाची पाच-दहा मिनिटांची शांत फेरी त्यांना त्रास देत नाही. बसलेला दिसला आणि श्वास संथ असेल तर उठवू नका. कुशीवर सपाट पडून घोरणारा, पाय झटकणारा घोडा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी धावत आत गेलो होतो. तो उठला, माझ्याकडे बघितलं, आणि त्या रात्री पुन्हा काही झोपला नाही. चूक एवढीच की त्याच्या अंगावर घाम नव्हता आणि अंथरूण जागच्या जागी होतं, हे मी बघितलंच नाही.

पाय भिंतीकडे होऊन अडकलेला घोडा मात्र स्वतः उठू शकत नाही. तो धडपडतो, थकतो, पुन्हा धडपडतो. त्याच्या पायांच्या बाजूने कधीही जाऊ नका. पाठीकडून जा, एकटे असाल तर आधी माणूस बोलवा, आणि पायांना दोर टाकून त्याला उलटवल्यावर लगेच बाजूला व्हा.

डॉक्टरांना फोन करताना ‘घोडा बरा नाही’ असं म्हणू नका. नाडी किती, हिरडी कशी, ताप किती, शेवटची लीद केव्हा आणि कशी, पाणी किती कमी झालं, काय खाल्लं, लोळतोय की नुसता सुस्त आहे, हे सांगा. नाडी सतत 60 च्या वर असेल तर हे पहिल्याच वाक्यात सांगा. फोन झाला की गव्हाण रिकामी करा. लोळत असेल तर थोडं चालवा, पण तासन् तास फरफटवू नका. थकलेला घोडा तपासायला आणखी अवघड होतो. घरात पडलेलं वेदनाशामक डॉक्टरांना न विचारता टोचू नका. दुखणं झाकलं जातं, आजार तसाच पुढे सरकतो, आणि तपासणाऱ्याला खोटं चित्र दिसतं. तासभर तडफडणारा घोडा एकाएकी शांत झाला तर बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नका. त्या क्षणी हिरडी आणि नाडी पुन्हा बघा. आतून काही फुटल्यावरही अशीच शांतता येते.

निघताना दाण्याच्या खोलीचं दार ओढून बघा. कडी लावली असं वाटणं आणि कडी लागलेली असणं यात एक मोकळा घोडा आणि अर्धं पोतं दाणा एवढं अंतर आहे. आणि तसं झालंच, तर घोडा ठीक दिसत असला तरी डॉक्टरांना त्याच रात्री कळवा. दाण्याचा परिणाम काही तासांनी पोटावर आणि त्यानंतर खुरांवर दिसतो, तोवर उशीर झालेला असतो.

कॅमेरा जरूर लावा. घोडा बसतो केव्हा, किती वेळ, लोळतो का, हे तुम्हाला मध्यरात्रीनंतर कॅमेराच सांगेल. घोडी गाभण असेल तर तो हवाच, कारण घोड्या बहुधा रात्रीच वितात, आणि पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला जेमतेम वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी, म्हणजे वेळेआधी सुटलेली वार, दिसली तर डॉक्टर येईपर्यंत थांबायलाही वेळ नसतो. ती पिशवी तिथल्या तिथे फाडून शिंगराला श्वास मिळवून द्यावा लागतो. पण बादलीत हात घालणं, लीद बुटाने दाबणं, हिरडीवर अंगठा ठेवणं, ही कामं कॅमेऱ्याने होत नाहीत. तो लावल्यावर पहिला महिना फेरी चालूच ठेवा आणि सकाळी चित्रण बघून ताडून पाहा की तुम्ही साडेदहाला जे वाचलंत ते बरोबर होतं की नाही.